दोन वेगळी तिकिटं

हे प्रशांतलाही ठाऊक नाही. प्रशांत माझा नवरा. माझ्याबद्दल आपल्याला सगळं माहीत आहे असं तो समजतो, आणि एवढं एक सोडलं तर ते खरंही आहे. सांगायला बसले खरी, पण आधी विमानाच्या तिकिटांबद्दल बोलते. तिथून सुरू केलं की मला बरं पडतं — का ते पुढे कळेलच.

बंगळुरूत, इंदिरानगरच्या आमच्या ऑफिसात मला ‘ट्रॅव्हल एजंट’ म्हणून चिडवतात. दिवाळी जवळ आली की पुण्या-नागपूरची नवी पोरं माझ्या टेबलाशी रेंगाळायला लागतात. तिकीट कधी काढू, कुठल्या कार्डावर काढू, आणि ते पॉइंट-बिइंट खरंच परवडतात का? मी पण मोठ्या तोऱ्यात सांगते. स्वस्त तिकीट म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. बॅगेचे वेगळे, जागेचे वेगळे, सँडविचचे वेगळे. पण एकाच कंपनीला धरून राहिलात, वर्षभर तिच्याच विमानांनी हिंडलात, तर ती तुम्हाला कार्ड देते, आणि मग हा सगळा मसाला फुकट. परवडतं, नक्की परवडतं. फक्त एक लक्षात ठेवा, मी त्यांना सांगते — फायदे एकाच नावावर असतात.

पोरांना वाटतं, ही एक टिप आहे. ती मान डोलावतात आणि जातात.

मला त्या कार्डाचा भारी सोस होता. पैसे वाचवणं हे निमित्त. मी यवतमाळची. माझे बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. आम्ही एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी माणसं. आणि इथे काउंटरवरची ती कडक इस्त्रीतली मुलगी माझं कार्ड बघायची, तिचा चेहरा बदलायचा आणि ती म्हणायची, “वेलकम बॅक, मॅडम.” तो ‘मॅडम’ ऐकायला मी काय काय केलं! एका वर्षी कार्ड टिकायला एक फेरी कमी पडत होती, तर प्रशांतला क्लायंटची मीटिंग आहे म्हणून सांगितलं, सकाळी चेन्नईला गेले, तिथल्या विमानतळावर इडली खाल्ली आणि दुपारी परत आले.

हसलात? हसा. मीही हसते. ही कबुली नव्हे. हा माझा वेळकाढूपणा आहे.

आई गेल्यावर बाबा यवतमाळला एकटेच राहिले. आधी किल्ल्या विसरायचे, मग दूध उतू जायचं, मग एक दिवस शेजारच्या काकूंनी फोन केला की तुझे बाबा बसस्टँडवर बसलेत आणि कुठे जायचं ते त्यांना सांगता येत नाही. मी एकुलती एक. कुणाकडे बघणार? प्रशांतने जयनगरच्या आमच्या घरातली मागची खोली रिकामी केली, न्हाणीघरात धरायला दांडे बसवून घेतले — हे सगळं मी न सांगता केलं त्याने — आणि मी बाबांना आणायला गेले.

घर आवरायला जे दिवस लागले त्यांत बाबा माझ्या मागे-मागे असायचे. आई कुठी गेली? मी सांगायचे. ते रडायचे. चहा प्यायचे. आई कुठी गेली? मी पुन्हा सांगायचे, आणि त्यांच्यासाठी ती पुन्हा नव्याने मरायची. शेवटी-शेवटी मी सांगायचं सोडलं आणि ‘बाजारात गेली आहे’ म्हणायला लागले. दमले होते मी. पण हे मी कारण म्हणून सांगत नाही. दमलेली माणसं मी काय कमी पाहिली आहेत? ती असं करत नाहीत.

तिकिटं. माझ्या पॉइंटांत एकच तिकीट बसत होतं. ते मी माझं काढलं. बाबांचं सेलमध्ये मिळालं, अगदी मातीमोल. तेव्हा मला किती शहाणपणा केल्यासारखं वाटलं होतं! म्हणजे एकाच विमानात आम्ही दोघं, पण बुकिंगचे पीएनआर नंबर दोन. माझं आडनाव सासरचं, त्यांचं माहेरचं. माझ्या कार्डामुळे मला पहिल्या रांगेतली जागा आपोआप मिळाली, खिडकीची, पाय लांब करता येतील अशी. त्यांच्या तिकिटाला जागा निवडायची तर पैसे पडत होते, आणि माझ्या शेजारची जागा तर सगळ्यात महाग. किती महाग? एका पिझ्झ्याएवढी. स्क्रीनवर ती जागा दिसत होती, रिकामी. मी बोट फिरवलं आणि पुढे गेले. म्हटलं, म्हातारा माणूस, विमानात झोपूनच जाईल. कंपनीने त्यांना दिली ती जागा शेपटाकडची होती, मधली, दोन अनोळखी माणसांमध्ये.

त्यांची बॅग मात्र माझ्या तिकिटावर घातली. कार्डाला जादा किलो फुकट असतात.

नागपूरच्या विमानतळावर मी त्यांच्यासाठी व्हीलचेअर मागितली. बाबा चांगले चालायचे. पण व्हीलचेअर मागितली की म्हाताऱ्यांना रांगेत उभं राहावं लागत नाही, ही युक्ती आपल्याकडे घरोघरी ठाऊक असते. खुर्चीत बसवल्यावर ते ओशाळले. मला काय झालं आहे, असं त्यांनी दोनदा विचारलं. मग मी लाउंजमध्ये गेले. लाउंज कार्डावर फुकट — एकालाच. जाताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “जागेवरून उठू नका हं बाबा. मी पुढेच आहे.” ते वाक्य मी अगदी सहज बोलले होते. तुम्ही ते लक्षात ठेवा.

व्हीलचेअरच्या प्रवाशांना आधी चढवतात. कंपनीचा माणूस त्यांना मागच्या दाराने घेऊन गेला. मी नंतर आले, पुढच्या दाराने, कार्डवाल्यांच्या रांगेतून. हवाई सुंदरीने नमस्कार केला, माझं नाव घेतलं, मॅडम म्हणाली. विमानात कुणीही आम्हा दोघांना एकत्र पाहिलं नव्हतं. विमान उडालं की मागे जाऊन बघून येऊ असं मी ठरवलं होतं. ठरवलं होतं, हे खरं आहे. पण हेडफोन लावले आणि पाय लांब केले.

आता एक शब्द सांगायला हवा, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बाबा मला ‘बाई’ म्हणायचे. आमच्याकडे लाडक्या लेकीला म्हणतात तसं. शाळेच्या दाखल्यावर माझं नाव वेगळं, लग्नपत्रिकेत वेगळं, कंपनीच्या यादीत तर आडनावही वेगळं. बाई ही मी फक्त एका माणसासाठी होते.

विमान ढगांच्या वर आलं आणि मागून हाक आली, “बाई! कुठी गेली वं बाई?”

बाबांना कमी ऐकू यायचं म्हणून त्यांचा आवाज मोठा. हेडफोनमध्ये मी गाणं लावलेलं नव्हतं. लावलं होतं असं मी पुढे कितीदा स्वतःला सांगून पाहिलं! सगळं ऐकू आलं मला. ते हाका मारत होते. मग एका पुरुषाचा करडा आवाज आला, हिंदीत. त्याला वाटलं, हा खेडवळ म्हातारा हवाई सुंदरीला बाई म्हणतोय, कामवालीला हाक मारावी तसा. विमानातल्या इतर लोकांनाही तसंच वाटलं असणार, कारण दोघं-तिघं हसले. तो माणूस म्हणाला, “अंकल, बाई नहीं बोलते. मैडम बोलिए. मैडम.” लहान पोराला पाढा शिकवावा तसं त्याने ते दोन-तीनदा म्हणवून घेतलं. आणि मग बाबांचा आवाज, आधीपेक्षा बारीक — “मॅडम... आमची बाई?”

मी उठले का? नाही.

शेजारी कुणी ओळखीचं होतं का, ऑफिसातलं कुणी, ज्याची लाज वाटावी? नाही. माझ्या शेजारची ती महाग जागा रिकामीच होती. बाबांना तिथे आणून बसवायला कुणी ‘नाही’ म्हटलं नसतं. मी खिडकीबाहेर बघत होते. त्या क्षणी मला कुणाचीही मुलगी व्हायचं नव्हतं. बंगळुरूला उतरल्यापासून जन्मभर आहेच ना हे, आत्ता तेवढं नको — असं मनात आलं. आणि आणखी एक आलं, ते सांगायला जीभ रेटत नाही. आत्ता उठले तर सगळ्यांना कळेल, की ज्याला आत्ता हसले तो माझा बाप आहे.

मागे काहीतरी सांडल्याचा, कुणीतरी ‘शी’ म्हटल्याचा आवाज आला. सांडलं नव्हतं. बाबांना आवरलं नव्हतं. खुर्चीच्या पट्ट्यातून उठू पाहत असणार, पुन्हा बसवले जात असणार; त्यांना जायचं होतं आणि कुठे ते सांगता येत नव्हतं. हे मला नंतर त्यांचे कपडे धुताना कळलं. तेव्हा मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते.

मग ती हवाई सुंदरी पुढे आली. मागच्या मराठी लोकांतलं कुणी उठलं नव्हतं, म्हणून ती पहिल्या रांगेपासून वाकून विचारायला लागली. तिच्या यादीत बाबा एकटेच प्रवास करत होते, पीएनआरवर दुसरं नाव नव्हतं. बिचारी घामाघूम झाली होती. ती माझ्यापाशी वाकली. माझं कार्ड तिच्या लक्षात होतं, म्हणून जरा जास्तच अदबीने म्हणाली, “मॅडम, डू यू नो मराठी?”

एवढंच विचारलं तिने. हा तुमचा कोण, असं विचारलं असतं तर? कदाचित मी बोलले असते. कदाचित. पण तिने इतकं सोपं विचारलं होतं. हो म्हणायचं, मागे जायचं, परक्या माणसासारखं दोन शब्द बोलायचं, एवढ्यानेही भागलं असतं.

मी एका कानावरचा हेडफोन जरासा उचलला आणि म्हणाले, “नो. सॉरी.”

हे ते. हे सांगायला मी चेन्नईपर्यंत जाऊन आले.

कानावर हात ठेवणं हा वाक्प्रचार आपण किती सहज वापरतो. मी तो हेडफोन पुन्हा कानावर ठेवला. ती मुलगी थँक्यू म्हणून मागे वळली.

मधल्या रांगांतून एक बाई उठल्या. साठीच्या असाव्यात, काठापदराची साडी, हातात जपमाळ. त्यांचं मराठी मला आधी मराठी वाटलंच नाही. मल्लेश्वरमच्या बाजारात जुन्या मराठी घरांतल्या बायका बोलतात तसं, अर्धं कन्नडच्या चालीवर. पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच त्या. त्या मागे जाऊन बाबांशेजारी बसल्या. त्या करड्या आवाजाच्या माणसाला त्यांनी उठवलं असणार, कारण तो पुटपुटत पुढच्या एका रिकाम्या जागेवर येऊन बसला. “अण्णा, स्वल्प बसा. येते तुमची बाई. सरी?” सरी म्हणजे कन्नडात ‘बरं’. उतरेपर्यंत त्यांचा आवाज मंद चालू होता. बाबांचा आवाज पुन्हा आला नाही.

मी सगळ्यांत आधी उतरले. कार्डवाल्यांच्या बॅगाही आधी येतात. माझी आली, बाबांची आली. पट्ट्यापाशी थांबून राहणं हे त्या वेळीही शक्य होतं. मी दोन्ही बॅगा ट्रॉलीवर घातल्या आणि बाहेर पडले. बाहेर कठड्याशी ड्रायव्हर लोक नावांच्या पाट्या घेऊन उभे असतात, घरची माणसं उभी असतात. मी ट्रॉली एका खांबामागे लावली, आणि त्या लोकांत जाऊन कठड्याला रेलून उभी राहिले. न्यायला आल्यासारखी.

व्हीलचेअर सर्वांत शेवटी आली. बाबांच्या मांडीवर विमानातलं पांघरूण होतं. त्यांनी त्या बाईंचं मनगट घट्ट धरलं होतं आणि त्या खुर्चीबरोबर वाकड्या होऊन चालत होत्या. मी हात केला. बाबांचा चेहरा असा काही उजळला! “ही बघा. आली न्याले,” ते त्यांना म्हणाले. मी आत होते याचा त्यांना पत्ता नव्हता, किंवा होता आणि विमानाबरोबर तोही मागे राहिला. मला कधीच कळलं नाही.

त्या बाईंनी मला चांगलंच झापलं. अशा माणसाला एकटं पाठवतात काय, घरात कुणी नव्हतं काय सोबत यायला? मी मान खाली घालून ऐकलं. म्हणाले, तिकीट मिळालं नाही हो. एकच मिळालं. फार उपकार झाले तुमचे. वाहवत गेले मी, अगदी डोळ्यांत पाणी आणलं. आणि पाणी खरं होतं, हे त्यातलं आणखी वाईट. मग बाबांना उठवून गाडीकडे न्यायचं म्हणून मी खांबामागून ट्रॉली ओढली. बॅगांच्या मुठींना त्याच विमानाचे टॅग लटकत होते, आणि त्यांवर कार्डवाल्यांची ती लाल पट्टी. बाईंनी टॅगांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, पुष्कळ वेळ. मला वाटलं आता त्या ओरडतील. ओरडायला हव्या होत्या.

“सरी,” एवढंच म्हणाल्या. बाबांच्या हातातून मनगट हळूच सोडवून घेतलं, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या.

टॅक्सीत बाबा शांत होते. विमानतळापासून जयनगर म्हणजे गावाला गेल्याइतकं लांब. हेब्बाळच्या पुलावर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. तिथे त्यांनी माझ्याकडे वळून अदबीने विचारलं, “मॅडम, अजून लई दूर हाये का?”

मला वाटलं, विमानातलं आहे अजून डोक्यात, उद्यापर्यंत जाईल. गेलं नाही. बाबांचं बाकी सगळं गेलं. आईचं नाव गेलं, यवतमाळ गेलं, चमचा कसा धरायचा ते गेलं. त्या माणसाने शिकवलेला तेवढा एक शब्द टिकला. शेवटपर्यंत ते मला मॅडम म्हणत राहिले. मॅडम, पाणी देता का. मॅडम, तुमचं घर मोठं आहे. प्रशांतला त्याचं भारी कौतुक. सासऱ्यांनी माझ्या बायकोला बरोबर ओळखलं, असं तो मित्रांना सांगायचा. खालच्या मजल्यावरच्या अक्काही मला गमतीने मॅडम म्हणायला लागल्या. सगळे हसायचे आणि मीही हसायचे. दुसरं काय करणार होते? कुठून आला हा शब्द, असं प्रशांतने एकदा विचारलं, तेव्हा मी म्हणाले, त्यांच्या ऑफिसात साहेबीण असेल कुणी.

मी त्यांना सांगून पाहिलं नाही असं नाही. बाबा, मी बाई. तुमची बाई. ते समजुतीने मान हलवायचे, परक्याचा मान राखावा तशी, आणि दाराकडे बघायचे. त्यांची बाई यायची होती.

ती कंपनी अजून तशीच आहे. माझं कार्डही आहे. मी ते टाकून दिलं असं सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं, पण मी ते टाकलेलं नाही. गेल्या दिवाळीत पोरं टेबलाशी आली, तेव्हा मी पुन्हा सांगितलं, परवडतं.

बाबा जायच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. बोलणं बंद झालं होतं त्यांचं, पण त्या दिवशी त्यांनी डोळे उघडले आणि मला जवळ बोलावलं. आवाज स्वच्छ होता. “मॅडम,” ते म्हणाले, “आमच्या बाईले निरोप द्या. म्हणा, बाबा जागेवरून उठले नाही. तिनं सांगतलं तसेच बसून हायेत.”

तेव्हा तरी? खोलीत दुसरं कुणी नव्हतं. हसायला कुणी नव्हतं.

“सांगते,” मी म्हणाले.

“थँक्यू, मॅडम,” बाबा म्हणाले.